नाही दुखलं, सर

आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. मागच्या महिन्यात त्यावर निरोप आला. सुरोशे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, जानेफळला मोठा सत्कार ठेवला आहे, सरांवर पुस्तक काढायचं आहे, तरी प्रत्येकाने सरांची एक हृद्य आठवण दोन पानांत लिहून पाठवावी. खाली धडाधड हात जोडलेली चित्रं पडली. "सरांच्या छडीनेच आम्ही घडलो," असं आठ जणांनी लिहिलं. त्यातला पहिला कसा घडला आहे ते साऱ्या मेहकर तालुक्याला माहीत आहे, पण ते जाऊ द्या.

मी काहीच लिहिलं नाही. तेव्हा संयोजकाचा फोन आला. "ताई, तुम्ही तर सरांच्या अन् काकूंच्या दोघांच्याही ऑपरेशनला हजर होत्या. तुमचा लेख पाहिजेच पाहिजे." मी बरं म्हणाले आणि लिहायला बसले. हे त्यांच्या पुस्तकात छापतील असं मला वाटत नाही. आणि हृद्य पाहिजे असेल तर त्यांनी दुसरीकडे विचारावं.

मी बुलढाण्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. बावीस वर्षं झाली. त्याआधी मी जानेफळच्या अंभोऱ्यांची कल्पना होते आणि सुरोशे सर आमचे मुख्याध्यापक होते. गणित शिकवायचे. बरं शिकवायचे, हे मी खोटं बोलणार नाही.

सर बुटके, गोरेपान. पांढरा सदरा, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन ते घरीही वापरायचे. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की शुद्धलेखनाच्या चुकांना गोल करून ती पत्रिका नवरीच्या बापाकडे परत पाठवायचे, आणि मग त्या लग्नाला जाऊन पहिल्या पंगतीला बसायचे. रस्त्यात कोणी "मले काम हाय" म्हणालं की सर जागीच थांबत. "मला. मला काम आहे. म्हणा." समोरचा म्हणेपर्यंत सर हलत नसत. माझे बाबा दुसऱ्यांच्या वावरात कामाला जायचे. सर दिसले की बाबा नुसती मान हलवायचे. घरी दिवसभर बोलणारा माणूस, सरांपुढे मुका व्हायचा. मला तेव्हा बाबांचा राग यायचा. राग चुकीच्या माणसाचा करत होते हे उशिरा कळलं.

सरांचं एक आवडतं वाक्य होतं. "दुखणं हा मनाचा आळस आहे." हे ते प्रार्थनेनंतर म्हणायचे, पंधरा ऑगस्टच्या भाषणात म्हणायचे, कुणाकडे माणूस गेल्यावर भेटायला गेले की तिथेही म्हणायचे. मुलींच्या पोटात दुखलं, घरी जाऊ द्या म्हटलं, तरी हेच. एका बाईला पोर होताना आडवं आलं होतं, तिच्या नवऱ्याला सरांनी हेच ऐकवलं. त्या नवऱ्याने ऐकून घेतलं. जानेफळमध्ये सरांचं सगळ्यांनीच ऐकून घेतलं, तीच तर सगळी पंचाईत झाली.

आणि छडी. निर्गुडीचा ओला फोक, दर सोमवारी नवीन. मार सगळ्याच शाळांत होता, त्याचं मला काही एवढं नाही. सरांची तऱ्हा वेगळी होती. छडी मारून झाली की सर मान थोडी तिरपी करायचे आणि विचारायचे, "काय?" त्यावर पोराने म्हणायचं, "नाही दुखलं, सर." असं म्हटलं की जागेवर जाऊन बसायचं. "दुखलं" म्हटलं किंवा गप्प राहिलं की पुन्हा छडी, पुन्हा "काय?" रडलं तर अंगठे धरून मान खाली घालून उभं राहायचं, घंटा होईपर्यंत. पहिलीत आलेलं लेकरू दिवाळीपर्यंत हे शिकून जायचं. आम्ही खेळताना पडलो, गुडघे फुटले तरी आपोआप तोंडातून निघायचं, नाही दुखलं सर. सर तिथे नसले तरी.

सातवीत माझ्या उजव्या हाताच्या बोटाला नखुर्डं झालं होतं. बोट टरटरून सुजलेलं. त्या दिवशी माझं व्याजाचं गणित चुकलं. मी डावा हात पुढे केला. सर म्हणाले, "अंभोरे, उजवा." मी बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, नीट बघितलं, चष्मा वर करून. मग म्हणाले, "दुखणं हा मनाचा आळस आहे," आणि छडी बरोबर त्यावर मारली. "काय?"

मी म्हणाले, "दुखलं, सर."

चार वेळा मी "दुखलं" म्हणाले. का म्हणाले देव जाणे, मी काही फार धीट पोरगी नव्हते. पाचव्या वेळेस "नाही दुखलं, सर" म्हणून जागेवर येऊन बसले. माझ्या त्या बोटाचं नख अजून वाकडं आहे. मी खोटं बोलले हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं. सरांना ते खोटंच पाहिजे असायचं, आणि ते मिळालं की त्यांच्या चेहऱ्यावर जेवून उठल्यासारखं समाधान यायचं.

सरांचं घर शाळेला लागूनच होतं. आम्ही पाणी प्यायला तिकडे जायचो. निर्मलाकाकू, म्हणजे सरांच्या बायको, उंच, सावळ्या, फार कमी बोलणाऱ्या. डावा डोळा लहानपणी ज्वारीचं धसकट लागून अधू झालेला. कुणाचा हात लाल दिसला की खोबरेल तेलाचं बोट फिरवायच्या. माझ्या बोटाला त्यांनी त्या दिवशी हळद गरम करून बांधली. पण "दुखते काय?" असं त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्या घरात तो प्रश्न विचारायची रीतच नव्हती.

सरांच्या शौर्याची एक कथा होती, ती त्यांच्या सत्काराच्या पत्रिकेतसुद्धा छापली आहे. ते वडनेर भोलजीला नोकरीला असताना, एकोणतीसचा पाढा शिकवताना, त्यांच्या पायाला विंचू चावला. सरांनी विंचू टाचेने चिरडला, पाढा पूर्ण केला आणि मगच शाळेबाहेर पाऊल टाकलं. ही कथा आम्ही दरवर्षी ऐकली. दरवर्षी विंचू थोडा मोठा व्हायचा.

आता काकूंच्या डोळ्याचं सांगते. त्याच्यासाठीच तर लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सर काकूंना घेऊन आमच्या दवाखान्यात आले. काकूंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो, त्यावर सगळं चित्र उमटतं. तो भिंतीच्या पोपड्यासारखा सुटला की खालून किंवा वरून अंधार चढत येतो. लवकर आलं तर चिकटवता येतो. काकूंना आधी विजा चमकल्यासारखं दिसलं, मग खालून काळं चढायला लागलं. त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी त्यांना रोज सकाळी डोळ्यावर पाणी मारायला लावलं आणि मन खंबीर ठेवायला सांगितलं. त्यात नऊ दिवस गेले.

मी थेंब टाकत होते तेव्हा काकूंनी मला आवाजावरून ओळखलं. "अंभोऱ्यायची पोरगी ना वं तू?" म्हणाल्या. मग हळूच, सर ऐकणार नाहीत अशा बेतानं, "पोरी, माह्यं सारं या उजव्या डोयावरच हाय. डाव्यानं मले निस्ता उजेड दिसते. हा वाचंन ना?"

"वाचंन ना काकू. मॅडमचा हात चांगला हाय," मी म्हणाले. मी काही थाप मारत नव्हते. पडद्याच्या ऑपरेशनला अकोल्याहून दर पंधरा दिवसांनी एक मॅडम येतात, त्यांचा हात खरंच चांगला आहे.

"मले बाकी कायचं भेव नाही. पण तोंडावर कापड टाकतात म्हणे. मले पांघरून बी तोंडावर घेतलं त जीव गुदमरते."

"मंग मॅडमले तसं सांगा. त्याच्यावर उपाय असते," मी म्हणाले.

मॅडमनी दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. त्या नेहमीच सांगतात, घाई करत नाहीत. तीन रस्ते आहेत, म्हणाल्या. पहिला, डोळ्याच्या बाजूने इंजेक्शन देऊन फक्त डोळा बधिर करायचा. माणूस जागा राहतो, ऐकतो, बोलतो. दुसरा, इंजेक्शन तेच, पण सोबत सलाईनमधून थोडी गुंगी, म्हणजे मन शांत राहतं, वेळ कळत नाही. तिसरा, पुरती भूल देऊन झोपवायचं. ज्यांना भीती फार वाटते, ज्यांना दोन तास हालचाल न करता पडवत नाही, त्यांच्यासाठी. "काकू, तुम्हाला बंद जागेची, तोंडावर कापडाची भीती वाटते का?"

काकूंनी तोंड उघडलं.

"नाही," सर म्हणाले.

मी मध्ये बोलले. बोलायचं नसतं, पण बोलले. "सर, काकू मला आत्ताच म्हणत होत्या की त्यांचा जीव घाबरतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मान तिरपी झाली. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण माझा उजवा हात आपोआप मागे गेला. "आमच्या घरात वेदनेचे लाड केले जात नाहीत," ते मॅडमना म्हणाले. "डोळा बधिर करा, तेवढं पुरे. गुंगी नको, भूल नको. दुखणं हा मनाचा आळस आहे."

मॅडमनी त्यांच्याकडे एखाद्या चमत्कारिक वस्तूकडे बघावं तसं पाहिलं आणि पुन्हा काकूंनाच विचारलं. "डोळा तुमचा आहे, काकू. तुम्ही सांगा."

काकू म्हणाल्या, "सर म्हणतात तसंच करा."

कागदावर सही काकूंचीच होती. मॅडमना जेवढं करता आलं तेवढं त्यांनी केलं. भुलीचे डॉक्टर जवळ उभे राहतील, लागलं तर ते ठरवतील, एवढं त्यांनी सरांकडून कबूल करून घेतलं. स्ट्रेचर आत नेताना सर दारापाशी आले. मला वाटलं, बायकोच्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी बोट वर केलं. "तोंड उघडायचं नाही. हलायचं नाही. काय?" काकूंनी मान हलवली.

ऑपरेशन चालू असताना आमच्याकडे एक पद्धत आहे. एक सिस्टर कापडाखालून पेशंटचा हात धरून बसते. पेशंटने दुखलं तर हात दाबायचा, किंवा तोंडाने सांगायचं. फक्त डोकं हलवायचं नाही, कारण डोळ्याच्या आत केसाएवढी बारीक अवजारं असतात. बधिरपणा कमी पडला तर अजून औषध देता येतं, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. मी काकूंना हे तीनदा सांगितलं आणि त्यांचा हात हातात घेतला. खरबरीत, थंड हात.

पहिला तास व्यवस्थित गेला. मग मॅडम पडद्याच्या कडेला लेझर मारायला लागल्या. ते कुणाकुणाला आतून कळ मारल्यासारखं दुखतं. माझ्या हातातला काकूंचा हात सैल झाला. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय. मग त्यांनी हात हळूच काढून घेतला. मी खाली पाहिलं तर काकूंनी टेबलाची लोखंडी कड धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. माझा हात चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्यांनी तो सोडला होता.

मॉनिटरवर नाडी एकशेवीसच्या वर गेली. भुलीचे डॉक्टर पुढे झाले. मॅडमनी विचारलं, "काकू, दुखतंय का?"

कापडाखालून आवाज आला. "नाही दुखलं."

त्या आवाजाला मी ओळखते. आम्ही सगळे असंच म्हणायचो, पोटातून दम गोळा करून, एका सुरात. मला सातवीचा वर्ग दिसला. काकू कधी आमच्या शाळेत शिकल्या नव्हत्या, पण घरी त्यांची शाळा चाळीस वर्षं चालू होती. मी ओरडले, "मॅडम थांबा, त्यांना दुखतंय," आणि त्याच क्षणी काकूंचं डोकं हललं. फार नाही. तांदळाच्या दाण्याएवढं असेल.

दोन सेकंद आधी मी बोलायला पाहिजे होतं. हात सोडला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, मला नाही तर कुणाला कळणार? हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आत रक्त आलं. मॅडमनी सगळं बाहेर घेतलं, बोथट नळीने आणखी बधिर करणारं औषध सोडलं, भुलीच्या डॉक्टरांनी कुणाला न विचारता गुंगी दिली. काकूंचा श्वास शांत झाला. जे औषध आधी दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, तेच औषध. मॅडम अडीच तास झगडल्या. पडदा चिकटला, पण मधला भाग, ज्याने माणसाचं तोंड दिसतं, अक्षर दिसतं, तो गेला.

बाहेर येऊन मॅडमनी सरांना सांगितलं. काहीही लपवलं नाही. "त्यांना दुखत होतं, सर. पण त्यांनी सांगितलं नाही."

सर म्हणाले, "सांगितलं नाही, म्हणजे दुखलं नसेल."

मॅडम आत निघून गेल्या. मी तिथेच उभी होते. माझ्या हातात काकूंचा चष्मा होता, तो मी सरांना दिला. सरांनी तो रुमालाने पुसून नीट घडी घालून खिशात ठेवला, दोन पेनांच्या मागे.

पुढे जानेफळला सर सगळ्यांना सांगत फिरले, "डॉक्टर निष्णात होते. आमच्या मंडळींना स्थिर राहता आलं नाही." मंडळी म्हणजे काकू. तपासणीला आल्या की काकूही मला हेच सांगायच्या. "डॉक्टरचा काई दोष नाही वं. मीच हालली." मी एकदा चिडून म्हणाले, "काकू, तुम्हाला दुखत होतं म्हणून हाललात. काऊन नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "सांगाची सवय नाही ना पोरी." राग, दुःख काही नाही, पीठ संपलं असं सांगावं तसं सांगितलं. आता त्यांना माणसाचा आकार दिसतो, तोंड दिसत नाही. तांदूळ निवडायचे तर बोटांनी निवडतात. सर त्यांना ताटात खडा निघाला की दाखवतात.

आणि मग मागच्या वर्षी सरांची पाळी आली.

साखरेने सरांच्या डाव्या डोळ्याचा पडदा आतून ओढला गेला होता. साखर हाही मनाचाच खेळ, असं म्हणून त्यांनी गोळ्या कधी धड घेतल्या नव्हत्या. पुतण्याने गाडीतून आणून सोडलं. सोबत काकू. मॅडमनी त्याच खोलीत, तेच तीन रस्ते, त्याच शब्दांत सांगितले.

मॅडमचं बोलणं संपायच्या आत सर म्हणाले, "पूर्ण भूल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मॅडमनी कागद बघितले. "तुमच्या हृदयाला पूर्ण भूल झेपणार नाही, सर. जोखीम कशाला घ्यायची? इंजेक्शन आणि सोबत गुंगी, व्यवस्थित होईल."

"इंजेक्शन कुठे?"

"डोळ्याच्या बाजूला."

"बाजूला म्हणजे किती बाजूला? सुई दिसते का? लांब असते का? तुटली तर?" सरांनी रुमाल काढला. कपाळावरून, मानेवरून पुसायला लागले. एकोणतीसचा पाढा पूर्ण करणारा माणूस! मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते पेशंटला दिसलेलं बरं नसतं. शेवटी सर काकूंकडे वळले. "निर्मला, तू सांग यांना काहीतरी."

काकू म्हणाल्या, "मी काय सांगू? डोया तुमचा हाय. दुखंन त तुमालेच दुखंन. तुमीच सांगा त्यायले."

काकूंनी हे टोमणा म्हणून म्हटलं असं कुणी समजू नये. त्यांना टोमणा मारता येत नाही. मॅडमनी सरांची समजूत काढली. आधी सलाईनमधून गुंगी देऊ, मग डोळ्याचं इंजेक्शन, सुई टोचलेली कळणारसुद्धा नाही. जेवढी काळजी कुणाची घेता येते तेवढी त्यांनी घेतली. त्या सगळ्यांचीच घेतात, लायकी बघून घेत नाहीत. मी त्यांच्या जागी नव्हते हे सरांचं नशीब.

सरांना आत तयार करत होते तेव्हा मी काकूंना चहा दिला. त्या म्हणाल्या, "इचू चावला होता तवा बी सर असेच करत होते वं. चार माणसायनं धरलं त्यायले. शाळेच्या शिपायाच्या मांडीवर डोकं ठिवून रडत होते, माय माय करत होते. बिचाऱ्याचा पायजमा वला झाला."

"अन् पाढा?" मी विचारलं.

"कोणता पाढा?" काकू म्हणाल्या.

टेबलावर सरांच्या मनगटात सलाईनची सुई घालायला घेतली, अजून टोचलीही नव्हती, तर सर ओरडले, "माय वं! दुखते वं, दुखते!" गावभर लोकांची भाषा सुधारत फिरलेला माणूस. माझा हात त्यांनी असा आवळला की माझी बोटं एकमेकांवर चढली. उजवा हात, त्यात ते वाकड्या नखाचं बोट.

मी त्यांच्या कानाशी वाकले. मान तिरपी केली. म्हणाले, "काय?"

"दुखते वं पोरी, दुखून राह्यलं."

"मग काय म्हणायचं असतं, सर?"

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घाबरलेले, पाण्याने भरलेले डोळे. "काय म्हणायचं असतं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षं पोरांच्या तोंडून रोज वदवून घेतलेलं वाक्य, आणि या माणसाच्या ते लक्षातच नव्हतं. आम्ही ते अजून झोपेत म्हणतो.

टेबलावरच्या पेशंटला असं विचारू नये. मला त्याची लाज वाटायला पाहिजे, आणि वाटतेही, थोडी. पण ते विसरले याचा संताप त्याहून मोठा होता. मी भुलीच्या डॉक्टरांना म्हणाले, "द्या डॉक्टर गुंगी, पेशंटला त्रास होतोय." औषध गेलं आणि सरांची पकड सुटली. पुढचे दोन तास ते निवांत पडून होते, मधूनच घोरत होते. ऑपरेशन इतकं छान झालं की मॅडम स्वतःच खूष झाल्या. सर आता पेपर वाचतात, पत्रिकांतल्या चुका काढतात. सत्काराच्या पत्रिकेतही दोन सापडल्या म्हणे.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, वॉर्डात. या ऑपरेशनमध्ये डोळ्यात एक खास तेल भरतात, त्याने पडदा दाबून राहावा म्हणून काही दिवस तोंड खाली करून राहावं लागतं. सर पलंगाच्या काठावर बसून, पुढच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकवून होते. मान खाली, हात गुडघ्यांच्या पुढे लोंबणारे. अंगठे धरायचेच काय ते बाकी होते. दर दहा मिनिटांनी आवाज यायचा, "सिस्टर, दुखतंय." गोळी तासाभरापूर्वीच दिली होती. मी फाईल लिहीत बसले. मनात म्हणाले, मनाचा आळस आहे, सर.

काकू स्टुलावर बसल्या होत्या, एक हात सरांच्या पाठीवर. त्यांनी माझ्या पावलांचा अंदाज घेत तोंड माझ्याकडे वळवलं. "पोरी, त्यायले अजून एक गोई दे ना वं."

"आत्ताच दिली, काकू. एवढं दुखायला नाही पाहिजे त्यांना."

"नाही पाहिजे मंजे?" काकू म्हणाल्या. "ते दुखते म्हणून राह्यले ना? मंग दुखतच असंन."

मी फाईल बंद केली. मॅडमना फोन केला, विचारलं, गोळी काढून आणली. दुसरं काय करणार होते? सरांनी मान खाली ठेवूनच गोळी तोंडात टाकली. काकूंनी टेबलावर चाचपून ग्लास शोधला, त्यात नळी घातली आणि सरांच्या तोंडाशी नेली. नळी आधी हनुवटीला लागली, मग गालाला. थोडं पाणी उशीवर सांडलं.

"नीट बघून धर ना," सर म्हणाले.